अप्पांची उलटतपासणी

मी लिहायला लागले तेव्हा माझी गोष्ट ऐकून समजेल असं एकच माणूस मद्रासमध्ये माझ्या ओळखीचं होतं, आणि ते म्हणजे माझे वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. थोरला भाऊ, माझा अण्णा, नोकरीसाठी कानपूरला गेला तो तिकडचाच झाला. मैलापूरला देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत एका तमिळ कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्याने होत्या. दाराबाहेर बसायचा ओटा होता. त्याला तिथे तिन्नई म्हणतात. सकाळचा तासभर ती तिन्नई आमची असायची.

अप्पा तंजावरच्या कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार तमिळमध्ये बोलायचा, न्यायाधीशांना इंग्रजी लागायची आणि मध्ये अप्पा उभे राहायचे. सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं या भाषेतून त्या भाषेत नेण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर आम्ही मद्रासला आलो ते त्यांच्या डोळ्यांसाठी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साधलं नाही आणि दुसऱ्याला हात लावू द्यायला ते तयार झाले नाहीत. उजेड कळायचा, माणूस चालीवरून ओळखायचे, अक्षर मात्र दिसायचं नाही. म्हणून मी वाचायची आणि ते ऐकायचे. मी बंदराजवळच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. नऊच्या बसपर्यंतचा वेळ आमचा.

आमच्या घरची मराठी पुण्यामुंबईची नव्हे. पूर्वज राजांच्या पदरी तंजावरला आले आणि तिथेच राहिले. त्यांनी बरोबर आणलेली भाषा आम्ही घरातल्या घरात बोलत राहिलो. ‘आहे’ला आम्ही ‘अहे’ म्हणतो, तमिळ माणसासारखं वाक्याच्या शेवटी ‘म्हणून’ लावतो, आणि बोलण्याचा हेल इतका तमिळ की पुण्याच्या माणसाला पहिली दोन वाक्यं आपण मराठी ऐकतोय हे कळत नाही. छापील मराठी मी शिकले ती मासिकं वाचून.

माझी पहिली गोष्ट एका विधवा बाईची होती. ती कावेरीत जीव देते. मी ती मोठ्या ऐटीत वाचली. ‘काळोख्या, भयाण, निःशब्द संध्याकाळी’ अशी सुरुवात होती. अप्पांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

“ती नदीवर गेली तें किती वाजता?”

“संध्याकाळी.”

“संध्याकाळ चारापासून सातापर्यंत अहे. किती वाजता?”

“ठाऊक नाही अप्पा. गोष्ट अहे ती.”

“पायांत काय होतं? घागर काठावर ठेवली कीं हातांतच होती? पहिलं कोणी पाहिलं?”

मी वहीचं पान उलटून पाहिलं. “मग तूं साक्षीदार नव्हेस,” ते म्हणाले. “कोणी सांगितलं म्हणून सांगतेस. बस खाली.”

मी बसलेलीच होते.

अप्पांचं एक मत होतं आणि ते त्यांनी कोर्टात उभं राहून कमावलेलं होतं. खोटा साक्षीदार विशेषणं वापरतो. त्याला काय घडलं ते ठाऊक नसतं, म्हणून कसं वाटलं ते सांगतो. खऱ्या साक्षीदाराला नको ते आठवतं. कुंभकोणमच्या बाजूच्या एका बाईची साक्ष त्यांनी मला सांगितली. तिचं पोर विहिरीत पडून मेलं होतं आणि दिराने ढकललं असा खटला होता. वकिलाने तिला तऱ्हेतऱ्हेने विचारलं. ती सारखी एकच सांगत राहिली की त्या सकाळी पोराने ताक सांडलं होतं आणि ती त्याच्यावर ओरडली होती. “ताकाचं काय अहे इथे म्हणून साहेब वैतागला,” अप्पा म्हणाले. “मी तें ताक इंग्रजींत सांगितलं. मला कळलं, ही बाई खरं बोलतेय.” पुढे दिराला काय झालं ते मी विचारलं. ते त्यांना आठवत नव्हतं.

तीन-चार वर्षं असं चाललं. ते मला तळ्याच्या पायऱ्यांवर पाठवायचे. तिथे कपडे धुणाऱ्या एका बाईकडे पाहायचं आणि येऊन सांगायचं. मी म्हणायची, “दमलेली होती.” ते विचारायचे, “तें तुला कसं कळलं? काय केलं तिनं?” मग मला आठवायचं की तिने पिळा अर्धवट सोडून हात गुडघ्यांवर ठेवले होते. “हां, तें सांग. दमली म्हणून मी म्हणेन.” पुढे बसमध्ये, कचेरीत, रॉकेलच्या रांगेत मी माणसांचे हात पाहायला लागले. घरी येऊन रोज पाच ओळी लिहायच्या, त्यांत एकही विशेषण नको, अशी मी स्वतःला शिस्त लावली. आता लोक विचारतात की तुम्ही लिहायला कुठे शिकलात. मी सांगते, घरीच.

पण त्या वेळी मला त्यात कसली गोडी नव्हती. अप्पा निष्ठुर होते. घरमालकीण समोर बसलेली असताना त्यांनी एकदा तिला तमिळमध्ये सांगितलं की हिच्यात काही नाही, उगीच शाई जाते. ती बिचारी माझ्याकडे बघून हसली. मी आत जाऊन वहीची पानं फाडली आणि चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिन्नईवर वाट बघत बसले होते.

मग मी आईच्या मरणाची गोष्ट लिहिली. आई तंजावरला गेली तेव्हा मी टायपिंगच्या परीक्षेसाठी तिरुचीला मावशीकडे होते. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिला जलोदर झाला होता, शेवटचे दोन दिवस अप्पाच एकटे तिच्याजवळ होते. गोष्टीत मी तिला शेवटी देवाचं नाव घ्यायला लावलं आणि मुलीची आठवण काढायला लावली.

अप्पा म्हणाले, “असं ती बोलली नाही.”

“मग काय बोलली?”

ते उठले. भिंतीला हात लावत लावत आत गेले. मी मागून पुन्हा विचारलं. “तूं तिथे नव्हतीस,” ते म्हणाले, आणि त्या विषयावर पुढे एक अक्षर बोलले नाहीत. ती गोष्ट मी मोडून टाकली. काय बोलली ते ठाऊक नसताना तिच्यावर लिहिणं मला जमेना, आणि ठाऊक असलेला माणूस सांगेना.

दरम्यान मी पुण्याच्या एका मासिकाकडे गोष्टी पाठवत होते. त्या परत यायच्या. एकदा संपादकांचं कार्ड आलं. ‘कथाबीज चांगले आहे. परंतु भाषा मराठी वाटत नाही. आधी मराठी शिकावे.’ कार्ड वाचून दाखवल्यावर अप्पांनी ते हातात घेऊन चाचपलं. मग म्हणाले, “तर मग आम्ही घरांत काय बोलतो?”

त्या सुमारास मला वहिनी भेटल्या; नात्यातल्या नव्हेत, सगळ्याजणी त्यांना वहिनीच म्हणायच्या. टी. नगरला मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला गेले होते, तिथे. लग्नाआधी त्या पुण्यात शिक्षिका होत्या. अंबत्तूरला नवीन कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या एकात त्यांचे यजमान मोठ्या हुद्द्यावर आले होते. मद्रासमध्ये त्यांना कुणी बोलायला नव्हतं आणि मला कुणी शिकवायला. दर रविवारी दुपारी मी बसने त्यांच्याकडे जायला लागले. त्या माझं लिखाण घेऊन बसायच्या, हातात लाल पेन्सिल. “अगं, ‘पाहून आले म्हणून सांगितलं’ असं कुणी म्हणत नाही. ‘पाहून आल्याचं सांगितलं’ म्हण.” त्यांचं शिकवणं स्वच्छ होतं, त्यात कधी हेटाळणी नव्हती. मला हसू आलं तर त्याही हसायच्या. चहाबरोबर कांदेपोहे करायच्या. जन्मात पहिल्यांदा कुणी माझं लिखाण वाचून ‘छान जमलंय’ म्हणत होतं. एका रविवारसाठी मी आठवडा काढायची.

ते वर्षही विचित्र होतं. हिंदीच्या सक्तीविरुद्ध शहरात मोर्चे निघत होते. बसमध्ये मांडीवर मासिक ठेवून बसले होते तर एका कॉलेजच्या मुलाने अक्षरं पाहून रागाने विचारलं, “हिंदिया?” मी म्हटलं, मराठी. तो म्हणाला, दिसतं तर तसंच. तेव्हापासून मी मासिकाला तमिळ वर्तमानपत्राचं वेष्टण घालायला लागले. पुण्याला माझी भाषा मराठी वाटत नव्हती आणि मद्रासला माझी लिपी हिंदी वाटत होती.

वहिनींच्या हाताखाली वर्षभर शिकल्यावर त्याच मासिकाने माझी गोष्ट छापली. मी अंक घेऊन घरी आले आणि सकाळची वाट न पाहता उभ्या उभ्या अप्पांना वाचून दाखवली. गोष्ट आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची होती. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, “छान अहे. कोणी लिहिलं?”

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. “मी, अप्पा.”

“तसं कीं,” ते म्हणाले, आणि पलीकडे तोंड करून आडवे झाले.

त्या दिवसानंतर मी त्यांना वाचून दाखवणं बंद केलं. रागाने बंद केलं असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. सकाळी आता मी आतच बसून लिहायची. ते तिन्नईवर एकटे बसायचे, रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चाली ओळखत. एकदोनदा त्यांनी विचारलं, “काही लिहिलंस कीं?” मी म्हटलं, “नाही, वेळ नाही झाला.” खोटं होतं ते, आणि खोटं ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. पुढे त्यांनी विचारलं नाही. पाठोपाठ माझ्या तीन गोष्टी छापून आल्या.

ज्या रविवारी ते पडले त्या दिवशी मी टी. नगरलाच होते. नेहमी मी पाचला निघायची. त्या दिवशी एका परिच्छेदावर आमचं अडलं. माझ्या गोष्टीतली बाई तिन्नईवर बसते, आणि वहिनी म्हणत होत्या की पुण्याच्या वाचकाला तिन्नई कळणार नाही, ओसरी लिही. मी म्हणत होते ओसरी वेगळी, ती घरातली असते, तिन्नई रस्त्याची. तासभर आम्ही वाद घातला. शेवटी ओसरी लिहून मी उठले.

घरी पोचले तेव्हा दार लोटलेलं होतं. अप्पा स्वयंपाकघरात जमिनीवर होते, एका कुशीवर, डोळे उघडे. कॉफी सांडून वाळली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्यांची रांग त्यांच्या बोटांवरून जात होती आणि ते हात हलवू शकत नव्हते. पितळी पेला घरंगळत रगड्यामागे गेला होता. घरमालकीण म्हणाली, साधारण चारला काही पडल्याचा आवाज आला, मला वाटलं मांजर. म्हणजे अडीच तास ते तसे पडून होते. हे सगळं मला कसं दिसलं, रांग किती लांब होती, पेला कोणत्या बाजूला पडला होता, ते मी आजही सांगू शकते. त्यांना उचलायच्या आधी मी हे सगळं पाहून घेतलं. ते किती वेळ चाललं मला माहीत नाही, फार नसेल. पण मी पाहून घेतलं, आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

सेंट्रल स्टेशनसमोरच्या मोठ्या इस्पितळात त्यांना तीन आठवडे ठेवलं. उजवी बाजू गेली होती. दोन आठवडे वाचा नव्हती. मग एक दिवस त्यांनी पाणी मागितलं, “तण्णी” म्हणून. मला इतका आनंद झाला की कोणत्या भाषेत मागितलं ते लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी मराठीत बोलले की ते माझ्या तोंडाकडे पाहायचे, शेजारच्या खाटेवरचा तेलुगू म्हातारा बोलायला लागला की पाहायचे तसे. तमिळमध्ये बोललं की कळायचं आणि उत्तर यायचं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं. कधी घरची भाषा राहते, कधी कामाची. का ते आम्हाला सांगता येत नाही. परत येईलही, नाहीही येणार.

नाही आली.

त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी कचेरी सोडली. घरी बसून मिळेल ते लिहायला लागले. एक औषध कंपनी आपल्या बाटल्यांबरोबरची पत्रकं मराठीत करून घ्यायची. ‘जेवणानंतर दोन चमचे. बाटली हलवून घ्यावी. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.’ एका साप्ताहिकात बायकांच्या पानासाठी तमिळ पाककृती द्यायची. लोक त्याला हमाली म्हणतील. पण पत्रकात एक शब्द जास्त झाला तर ते परत यायचं, आणि त्या परत येण्याने मला जे शिकवलं ते कमी नव्हतं. गोष्टी मात्र सुचत नव्हत्या. वहिनींकडे जाणं थांबलं होतं. त्या दोनदा घरी आल्या, अप्पांसाठी मऊ भात घेऊन आल्या, माझा हात हातात घेऊन बसल्या. त्यांचा काही दोष नव्हता आणि तरी मला त्यांच्याकडे बघवेना.

मी अप्पांशी दिवसभर तमिळमध्ये बोलायची. घरात मराठी शब्द उच्चारला जाईना. मला भीती वाटायला लागली की ती माझीही जाईल. म्हणून मी एक प्रयोग केला. आमच्या घरच्या मराठीत, जशी आई बोलायची तशी, मी रोज एक पान लिहायला लागले आणि सकाळी त्यांच्या उशाशी बसून वाचायला लागले. आशा ही की कुठेतरी काहीतरी हलेल. आईचं ओरडणं, तिच्या म्हणी, डांगराची भाजी करताना ती काय म्हणायची, सगळं. वहिनींनी मोडलेल्या सवयी मी एकेक करून परत आणल्या. अप्पा छताकडे बघत पडून राहायचे. एकदा त्यांनी घरमालकिणीला विचारलं, “यार इंद अम्मा?” ही बाई कोण, रोज येऊन काय वाचते? ती म्हणाली, तुमची मुलगी. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, दुसऱ्याच्या घरात माणूस हलवतो तशी.

त्यांच्या बोलण्यात अधूनमधून कोर्ट यायचं. ‘साक्षीदार म्हणतो की’ अशी तमिळमध्ये सुरुवात करायचे आणि काहीतरी अर्धवट सांगायचे, जमिनीच्या बांधाचं, चोरीच्या बैलाचं. कुणाकुणाच्या जबान्या त्यांच्या डोक्यात मागेपुढे होत होत्या. मी ऐकत त्यांचं अंग पुसत असायची.

पौषात एका सकाळी त्यांनी असंच सुरू केलं. साक्षीदार म्हणतो की बायकोने पाणी मागितलं. साक्षीदार म्हणतो की डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून थांब असं सांगितलं. तिने पुन्हा मागितलं. साक्षीदार म्हणतो की तो तिच्यावर रागावला. त्यानंतर तिने मागितलं नाही.

माझ्या हातात ओला पंचा होता. मी तमिळमध्ये विचारलं, “मग?”

“साक्षीदार म्हणतो की तांब्या तिथेच होता. खिडकीत.” एवढं बोलून ते थांबले. मी आणखी दोनदा विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढच्या महिन्यात ते गेले, झोपेत, सकाळी सातच्या सुमाराला. मी बाजूला पत्रक करत बसले होते.

त्याआधीच मी आईची गोष्ट पुन्हा लिहायला घेतली होती. आता मला ती काय बोलली ते ठाऊक होतं, पण मला मिळालेलं ते तमिळमधून. आई अप्पांशी कधी तमिळमध्ये बोलली नाही. तिने पाणी कसं मागितलं असेल? ‘पाणी द्या’? ‘घोटभर पाणी देतां कीं’? त्या एका वाक्यासाठी मी दहा दिवस घालवले. वेगवेगळ्या तऱ्हेने मोठ्याने म्हणून पाहिलं, तिच्या आवाजात. शेवटी एक लिहिलं. ते बरोबर आहे की नाही हे सांगू शकणारा माणूस खोलीत होता आणि त्याला ती भाषा येत नव्हती. गोष्ट त्याच घरच्या मराठीत पूर्ण झाली. तिच्यात एकही विशेषण नव्हतं.

अण्णा कानपूरहून दिवस करायला आला. तेराव्याला सगळे गेल्यावर मी त्याला ती वाचून दाखवली. तो पाटावर बसून ऐकत होता. पाण्यापाशी आल्यावर त्याने हात वर केला.

“पुरे कर. हे तुला कोणी सांगितलं?”

“अप्पांनी.”

“शुद्धीत होते?”

मी म्हटलं, “तें तूंच ठरव.”

“ठरवायचं काय अहे? त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कोणाची तरी जबानी असेल. आणि खरं असलं तरी लिहायचं होतं कीं? बापाचे दिवस आज कुठे झाले.” त्याचा आवाज चढला, मग तो एकदम रडायला लागला. कानपूरला राहून त्याच्या मराठीत हिंदी शिरली होती, पण रडताना तो आमचंच बोलत होता. “तिची ती भाषा आणलीस तूं. दुसऱ्या मराठींत लिहिलं असतंस तर ही कोणी दुसरी बाई अहे म्हणून मी ऐकलं असतं. हें कोणाला दाखवूं नकोस.”

मी दाखवणार नाही असं म्हटलं नाही आणि दाखवेन असंही म्हटलं नाही. त्याने मला कानपूरला चल म्हणून आग्रह केला. मी नाही म्हटलं. जाताना गाडी हलेपर्यंत तो खिडकीपाशी बसून होता.

मी ती गोष्ट पुण्याला पाठवली. महिन्याभराने परत आली. संपादक या वेळी सौजन्याने लिहीत होते, कारण मी आता त्यांची लेखिका होते. ‘विषय हेलावून टाकणारा आहे. मात्र बोली दुर्बोध आहे. नेहमीच्या भाषेत करून पाठवल्यास दिवाळी अंकाला घेऊ.’ मी वर्षभर ती तशीच ठेवली. मग एका आठवड्यात नेहमीच्या भाषेत केली आणि पाठवून दिली. का केली याचं उत्तर मला सोपं करून सांगता येणार नाही. छापून यावी असं वाटत होतं. अण्णाला ती दुसरी बाई वाटावी असंही वाटत होतं. आणि थकलेही होते.

दिवाळी अंकात ती आली आणि गाजली. माझं नाव जे काही झालं ते त्या गोष्टीने. वहिनी तोवर यजमानांच्या बदलीमुळे नाशिकला गेल्या होत्या. तिथून त्यांचं लांबलचक पत्र आलं. तुझी आई डोळ्यांसमोर उभी राहिली, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांनी मनापासून लिहिलं होतं यात शंका नाही. मी पत्राला उत्तर दिलं, आभार मानले. गोष्टीतली बाई कोण होती ते मला ठाऊक नव्हतं. ती शुद्ध बोलत होती. अण्णाने अंक पाहिला की नाही, त्याने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पहिला खर्डा माझ्याकडे आहे. तो वाचू शकतील अशी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष मी गोष्ट लिहिली नाही. प्रेरणा वगैरे शब्द लोक वापरतात. माझ्याकडे तसलं काही आलं नाही. सकाळी सहा ते आठ ही वेळ मात्र रोज यायची. त्या वेळात हातांना काही काम नसलं की घर अंगावर यायचं. खोल्या दोनच, पण आवाज नसला की त्या मोठ्या वाटतात. पत्रकं तेवढ्या वेळाला पुरायची नाहीत. मग मी वही घेऊन बसायला लागले. काहीच सुचायचं नाही तेव्हा काल पाहिलेल्या एका माणसाच्या हातांवर पाच ओळी लिहायची. पुष्कळ दिवस नुसत्या पाच ओळीच झाल्या.

एका उन्हाळ्यात आमच्या घरमालकिणीच्या नवऱ्याला गिरणीतून काढलं. तो रोज सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचा आणि समुद्रावर जाऊन बसायचा. बायकोला ठाऊक होतं, आणि ती रोज डबा भरून द्यायची. ती मला हे सांगताना तांदूळ निवडत होती. त्यावर मी लिहिलं. ती गोष्ट चांगली झाली नाही. पुढची थोडी बरी झाली.